उत्तरायण : निवृत्त जोडप्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

सर्वप्रथम, कोणालाही सांगू नका.

नागपुरातल्या निवृत्त जोडप्याने स्वतःची गाडी स्वतः चालवत लडाखला जायचं ठरवलं, की बातमी कॉलनीभर पसरायला एक सकाळ पुरते. अंबाझरीला फिरायला येणाऱ्यांपैकी एकाच्या भाच्याला तिथे ऑक्सिजन लावावा लागलेला असतो. दुसऱ्याच्या व्याह्यांची गाडी दरीत जाता जाता वाचलेली असते. तिसरा फक्त "कायले जाऊन राहिले बाप्पा या वयात?" एवढंच विचारतो आणि फॅमिली पेन्शनच्या अर्जावर नामनिर्देशन नीट केलंय ना, अशा नजरेने तुमच्याकडे बघतो.

मुलाला मात्र सांगावंच लागतं. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरात असतो आणि दिवसभर मीटिंगमध्ये असतो. दोन मीटिंगांच्या मधल्या फटीत तो म्हणेल, "बाबा, फ्लाइटने जा ना, मी तिकिटं काढतो." यावर उत्तर तयार ठेवा. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, लेह साडेअकरा हजारांवर. दिल्लीहून उडालेलं विमान दीड तासात माणसाला तिथे नेऊन टाकतं आणि शरीराला काय झालं ते कळायच्या आत सामान पट्ट्यावर येतं. गाडीने हीच चढण आठ-दहा दिवसांत होते आणि रक्ताला जमवून घ्यायला सवड मिळते. थोडक्यात, डॉक्टरी शास्त्र म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे. हे वाक्य पाठ करा. सून डॉक्टर असेल तर तिच्यासमोर म्हणू नका, ती रक्तदाबाचं विचारेल.

पात्रता

या प्रवासाला लागणारा मुख्य गुण म्हणजे संथपणा. बाकी सगळं विकत मिळतं.

तरुण मंडळी दोन शनिवार-रविवार जोडून नऊ दिवसांची रजा काढतात, विमानाने लेहला उतरतात, संध्याकाळी भाड्याची बुलेट घेतात आणि दुसऱ्या दिवशी खारदुंग-ला खिंडीच्या दिशेने सुटतात. तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. नियम सोपा आहे : दहा हजार फुटांच्या वर गेलं, की झोपण्याची उंची एका रात्रीत दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस काहीच करायचं नाही. ज्याने तेहेतीस वर्षं सरकारी टेबलावर काढली त्याला हा नियम शिकवावा लागत नाही. कागद आला की लगेच उचलायचा नाही, दोन दिवस मुरू द्यायचा, तोवर निम्म्या अडचणी आपोआप मिटतात, हे त्याला ठाऊक असतं. ज्या गुणाबद्दल जनतेने आयुष्यभर बोल लावला, तो वापरायची जागा शेवटी हिमालयात निघाली.

सोयीसाठी असं समजू, की श्रीयुत महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत आणि श्रीमती शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. दोघांनाही गाडी चालवता येते. श्रीमती बऱ्या चालवतात, पण ही गोष्ट घरात अजून अधिकृतपणे मान्य झालेली नाही. नियम एकच पुरे : जो चालवत नाही त्याने पायाने ब्रेक दाबायचा नाही. शेजारच्या सीटवरून, रिकाम्या जागेत, तोंडाने "अरे अरे" करत दाबलेल्या ब्रेकने आजवर एकही अपघात टळलेला नाही, मात्र संध्याकाळचं जेवण पुष्कळदा अबोल्यात गेलं आहे.

मुहूर्त

मे-जूनमध्ये निघणं हा नागपूरकराचा स्वाभाविक मोह असतो. नवतपा सुरू झाला, कूलरच्या ताट्ट्यांना पाणी पुरेनासं झालं, की बर्फ आठवतं. पण त्याच वेळी सागर, झाशी, ग्वाल्हेरही चांगलेच तापलेले असतात, आणि लडाखला पोहोचण्याआधी ते लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये जम्मूच्या पुढे दरडी कोसळतात. तेव्हा पोळा, मारबत, गणपती हे सगळं यथासांग पार पाडून अनंत चतुर्दशीनंतर निघावं. परतीची, मनालीकडची वाट साधारण ऑक्टोबरपर्यंत उघडी असते.

"पितृपक्षात कोणी निघतं का?" असं नणंद म्हणेल. तिचं बरोबर आहे. म्हणूनच त्या पंधरवड्यात हॉटेलांच्या आरक्षणात मराठी आडनावं कमी दिसतात आणि खोल्या जरा बऱ्या दरात मिळतात. घरची तिथी आधी येत असेल तर उरकून निघा. नोव्हेंबरच्या आत परत या. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि बाजूच्या कठड्याकडे बघून गाडी चालवायला याहून मोठं कारण निवृत्त माणसाजवळ नसतं.

दिशा

नागपूरकराइतकी सोपी वाट दुसऱ्या कोणाला नाही. राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो आणि मधोमध आपल्या गावातून जातो. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक दिले, तेव्हा सात जुन्या महामार्गांचे तुकडे जोडून तो केला. आपल्याकडचा तुकडा म्हणजे जुना सात नंबर. तेव्हा झिरो माइलच्या घोड्यांना वळसा घालायचा, कामठी रोड धरायचा आणि श्रीनगर येईपर्यंत चालवत राहायचं.

चूक व्हायची जागा एकच, लखनादौन. जुना सात नंबर तिथून जबलपूरकडे जायचा, आणि ज्यांची मावशी जबलपूरला होती त्यांचं स्टेअरिंग आपोआप तिकडे वळतं. तुम्हाला नरसिंहपूरकडे जायचंय. नर्मदा बरमानला लागेल. तिथे "नर्मदे हर" म्हणावं, नाणं टाकायचं असेल तर गाडी बाजूला घेऊन टाकावं; चालत्या गाडीतून टाकलेलं नाणं मागच्या ट्रकच्या काचेवर जातं.

त्याआधी मनसर ते खवासा पेंचचं जंगल आहे. वर्षानुवर्षं कोर्टकज्जे होऊन शेवटी इथे रस्ताच खांबांवर उचलला आणि प्राण्यांसाठी खालून नऊ वाटा सोडल्या. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्या वाटांनी वाघ जाताना टिपले गेले आहेत. म्हणजे तुम्ही वरून जात असता आणि वाघ खालून जात असतो, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. श्रीयुत इथे गाडी थांबवून कठड्यावरून वाकायचं म्हणतील. थांबवू देऊ नका.

उत्तरेकडे घाईने निघालेला पहिला नागपूरकर म्हणजे अप्पासाहेब भोसले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरल्यावर पुढच्या वर्षी इंग्रज त्यांना कैद करून अलाहाबादकडे नेत होते. मे महिन्यात, जबलपूरच्या परिसरात, पहाऱ्यावरच्या शिपायांना फितवून आणि शिपायाचाच वेष चढवून ते निसटले. आधी महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याने राहिले, पुढे थेट पंजाब गाठला. अखेर जोधपूरला आश्रय मिळाला आणि १८४० मध्ये तिथेच वारले. परत आलेच नाहीत. मुलगा "बाबा, एवढ्या लांब?" म्हणाला तर हा दाखला देऊ नये.

दिल्ली ओलांडल्यावर पानिपत येतं. मराठी माणूस इथे थांबल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा काला अंबच्या स्मारकासाठी एक तास राखून ठेवा. १४ जानेवारी १७६१ ला कोणाचं काय चुकलं यावर श्रीयुतांचं मत ठाम आहे, ते ऐकून घ्या. नागपूरकर भोसले ऐन लढाईत नव्हतेच, ही गोष्ट स्मारकापाशी मोठ्याने बोलू नये. शेजारी पुण्याची बस उभी असण्याची शक्यता असते.

पुढे अंबाला, जालंधर, पठाणकोट, जम्मू. इथवर ढाबे आहेत, टोल आहेत, पंक्चरवाले आहेत. मार्गदर्शनाची गरज नाही. जम्मूला दोन गोष्टी. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम इथून पुढे चालत नाही, पोस्टपेड चालतं. हे नागपुरात असतानाच आठवायला हवं. आणि घाट बघायला उत्सुक असाल तर थोडी निराशा होईल. २०१७ मध्ये चेनानी-नाशरी आणि २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंड हे लांबलचक बोगदे झाल्यापासून पुष्कळसा घाट डोंगराच्या पोटातून उरकतो.

वर कुठून, खाली कुठून

ही मार्गदर्शिका एवढ्या एका परिच्छेदासाठी विकत घेतली तरी पैसे वसूल आहेत. जाताना श्रीनगरकडून जा, येताना मनालीकडून या. उलटं करू नका.

श्रीनगर पाच हजार फुटांवर, कारगिल नऊ हजारांच्या आसपास, लेह साडेअकरा. मध्ये झोजी-ला आणि साडेतेरा हजारांवरचा फोटू-ला ओलांडावे लागतात, पण ओलांडून आपण पुन्हा खाली येतो आणि खालीच झोपतो. मनालीकडून वर गेलात तर बहुतेक लोक चौदा हजार फुटांवरच्या सरचूला तंबूत मुक्काम करतात. सपाटीवरून नुकत्याच आलेल्या माणसाने तिथे झोपायचं म्हणजे रात्रभर स्वतःचे श्वास मोजायचे. त्याच सरचूला लडाखमध्ये आठवडा काढून, उतरतानाच्या वाटेवर थांबलात, तर थंडी सोडून फार काही जाणवत नाही.

सामान

श्रीमतींनी शाळेच्या सहली पंचवीस वर्षं नेल्या असल्यामुळे या विषयावर त्यांना सल्ला देऊ नये. तरी काही गोष्टी सहलींत येत नाहीत.

पहिली, कुकर. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, मनालीच्या वाटेवरच्या पांगला ८५ च्या. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास खदखदत राहते आणि शिजत नाही. छोटा कुकर आणि छोटी शेगडी घेतली तर वरण-भाताला मुकावं लागत नाही. कुकर नको असेल तर मेतकूट, जवसाची चटणी आणि खारोड्यांवर भागवा.

दुसरी, हवाबंद पाकिटं. चिवड्याचं पाकीट नागपूरची हवा पोटात घेऊन निघालेलं असतं. बाहेरची हवा विरळ होत जाते तसं ते फुगत जातं. झोजी-लापर्यंत ते उशीसारखं टम्म होतं. फोटू-लाच्या वळणांवर मागच्या सीटवरून एकदम "फट्" असा आवाज येतो आणि श्रीयुत टायर बघायला खाली उतरतात. घरी भरलेल्या पाकिटांना आधीच टाचणी मारून ठेवावी. लोणच्याच्या बरणीचं झाकणही असंच, वर गेल्यावर उघडलं की तेल काठावरून वाहतं. आधार कार्डाच्या झेरॉक्स त्याच पिशवीत ठेवल्या असतील तर तपासणी नाक्यावरचा जवान कागद नाकाजवळ नेतो आणि काही न बोलता परत देतो. त्याला कैरीचं लोणचं ओळखता आलं असेल तर तो बहुधा आपल्याकडचाच.

तिसरी, कापूर. कापराची डबी हुंगली की दम लागत नाही, असा आपल्याकडे दृढ समज आहे. कापराने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि ज्याच्या पिशवीत डबी आहे त्याला आपण काहीतरी करतोय असं वाटतं. डबी घ्या, जागा फार लागत नाही. पण सोबत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या आणि दर तासाला तो लावून एकमेकांचे आकडे वाचून दाखवू नका.

विरळ हवा

निघण्याआधी धंतोलीतल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, साखर असेल, सल्फाची ॲलर्जी असेल तर विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर ठरवू नका.

लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही. बाजारात जायचं नाही, राजवाडा चढायचा नाही, "इथवर आलोच आहोत तर" हे शब्द उच्चारायचे नाहीत. अंथरुणातून उठून बाथरूमला गेलं तरी धाप लागते, लागू द्यावी. डोकं किंचित दुखेल. ते वाढत गेलं, उलट्या होऊ लागल्या, पडल्यापडल्याही दम लागू लागला किंवा चालताना तोल जाऊ लागला तर मात्र हट्ट करायचा नाही. डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. यात विनोद नाही.

दोन दिवस काही न करण्यात श्रीयुत तरबेज आहेत. अडचण श्रीमतींची. मुख्याध्यापिकेला रिकामं बसवत नाही. त्या पहिल्याच दुपारी बॅगा रिकाम्या करून कपड्यांच्या नव्याने घड्या घालतील आणि गेस्ट हाउसच्या मालकिणीला स्वयंपाकघरात मदत करू का, असं विचारतील. त्यांना पत्रं लिहायला बसवावं. हल्ली पत्रं कोणी लिहीत नाही, म्हणून वेळ जास्त जातो.

मग खारदुंग-ला. तिथल्या फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट आणि जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता असं लिहिलेलं होतं. नीट मोजल्यावर उंची भरली १७,५८२. शिवाय सीमा सडक संघटनेनेच पुढे उमलिंग-लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर नेला आणि २०२१ मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली. निवृत्त हिशेबतपासनीसाला आठशे फुटांची तफावत सहन होत नाही. तो टपरीवर चहा पिणाऱ्या जवानापाशी जाऊन मूळ नोंद कोणाची, असं विचारेल. या उंचीवर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये असं सगळे सांगतात, आणि आक्षेप नोंदवायला तेवढा वेळ पुरत नाही. त्यांना गाडीत बसवा.

आडोसा

हा विषय कोणत्याही प्रवासवर्णनात सापडत नाही आणि साठीनंतर याच विषयावर दिवसाचं वेळापत्रक ठरतं.

नागपूरपासून निघाल्यावर पळस, साग, बाभळी, काहीतरी उभं असतं. लडाखच्या पूर्व भागात काहीच उभं नसतं. टांगलांग-ला उतरलात की मोरे मैदान लागतं. साडेपंधरा हजार फुटांवर चाळीसेक किलोमीटर टेबलासारखं सपाट. गुडघ्याएवढं झुडूप नाही. दूरचा मेंढपाळ तुम्हाला दिसतो म्हणजे तुम्हीही त्याला दिसता. त्यात डायमॉक्सने लघवी वाढते, आणि पाणी भरपूर प्या असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं. उपाय : गाडी रस्त्याला काटकोनात उभी करून एका बाजूची दोन्ही दारं उघडायची, मध्ये शाल धरायची, आणि शाल धरणाऱ्याने निसर्ग दुसऱ्या बाजूचा बघायचा. तेहेतीस वर्षांच्या संसारात जो संकोच उरला असेल तो इथे संपतो.

लडाखी घरांतली संडासं कोरडी असतात. वरच्या मजल्यावर भोक, खाली माती आणि शेण, बाजूला माती ढकलायला फावडं. पाण्याची टंचाई असलेल्या थंड मुलखात याहून शहाणी व्यवस्था नाही. फक्त उकिडवं बसावं लागतं. ज्यांचे गुडघे बदलले आहेत त्यांनी खोली ठरवताना भाड्याच्या आधी हा प्रश्न विचारावा.

परतीची वाट

कारूला टाकी भरा आणि दहा लिटरचा कॅन बरोबर ठेवा. या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, तांडीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं उभी आहे आणि प्रत्येक जण तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतो. तुम्ही उलट्या दिशेने येत असल्यामुळे ती पाटी तुम्हाला प्रवास संपल्यावर दिसते. धोक्याची सूचना धोका टळल्यावर वाचण्यात वेगळंच सुख आहे.

नाले सकाळी ओलांडा. रात्री गोठलेलं बर्फ दुपारी वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन वाजता बंपरला लागतं. झिंगझिंगबारच्या बाजूच्या एका ओढ्याचं नावच पागल नाला आहे. पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये क्लच दाबायचा नाही. इथे श्रीमतींना चालवू द्यावं. कारण सांगू नये.

त्याआधी, सरचू येण्यापूर्वी, गाटा लूप्सची एकवीस वळणं उतरायची आहेत. इथल्या एका वळणावर दगडांचं लहानसं ठाणं आहे आणि भोवती पाण्याच्या बाटल्यांचा खच पडलेला असतो. बंद पडलेल्या ट्रकपाशी राखण करत राहिलेला क्लीनर बर्फात तहान-भुकेने गेला आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो, अशी गोष्ट ट्रकवाले सांगतात. भरलेली बाटली ठेवायची, कोणी सिगरेटही ठेवतं.

श्रीयुतांचा भुतांवर विश्वास नाही. श्रीमतींचाही नाही, पण पोरगं तहानलेलं होतं म्हटल्यावर त्या उतरतात आणि दोन बाटल्या, संत्रा बर्फीचे दोन तुकडे आणि वाटेतल्या चहावाल्याकडून श्रीयुतांच्या नकळत घेतलेलं सिगरेटचं पाकीट ठेवून येतात.

पुढे बारालाचा-ला, केलाँग, तांडी, आणि मग २०२० मध्ये सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा. मनालीत गर्दी असते, तिथे थांबू नका. सपाटीला लागलात की घर दिसायला लागतं आणि वेग वाढतो. वाढवू नका. श्रीनगरहून जे सांभाळलंत ते मथुरा-आग्र्याच्या टप्प्यात घालवू नका.

घरी पोहोचल्यावर श्रीयुत तिसऱ्या दिवशी वही काढतील. पेट्रोल, टोल, खोल्या, जेवण असे स्तंभ पाडतील. फास्टॅगमुळे टोलच्या पावत्या नाहीत म्हणून खट्टू होतील, पण बँकेच्या मेसेजांवरून तो स्तंभ जुळवतील. शेवटी चारशे-साडेचारशेचा फरक उरतोच. पाणी दोन बाटल्या, बर्फी, सिगरेट एक पाकीट. पावती नाही, लाभार्थी हयात नाही. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, असं ते चष्म्यावरून विचारतील.

"सादिलवारमध्ये टाका," असं श्रीमतींनी स्वयंपाकघरातूनच सांगावं, आणि कुकर लावावा.